स्प्रिंगला ‘स्प्रिंग स्टील’च हवं, हा आग्रह सोडा

घडीचा चाकू हाताने करायला शिकणाऱ्याला अगदी सुरुवातीलाच एक नियम ऐकवला जातो. पातं हव्या त्या पोलादाचं कर, पण पाठीची स्प्रिंग मात्र स्प्रिंग स्टीलचीच हवी. कारणही लगेच दिलं जातं: पात्याचं पोलाद कडक आणि ठिसूळ, ते वाकायच्या आधी मोडेल, स्प्रिंगचं पोलाद जात्याच लवचिक, ते वाकेल आणि परत येईल. हे सांगणारे अनुभवी असतात, त्यांचे चाकू चांगले असतात, म्हणून ऐकणारा वाद घालत नाही. मला तो घालायचा आहे. हा नियम चुकीचा आहे, आणि त्यामुळे नव्या कारागिराचं लक्ष जिथे खिळायला हवं तिथून उठून भलतीकडेच जातं.

कुठल्या चाकूबद्दल बोलतोय ते आधी सांगतो. कुलूप नसलेला, निव्वळ स्प्रिंगच्या दाबावर उघडा किंवा मिटलेला राहणारा खिशातला चाकू. इंग्लंडमधलं शेफील्ड, जर्मनीतलं झोलिंगन, फ्रान्समधली तिएर आणि लायोल ही त्याची जुनी घरं. अमेरिकेत आज तो एकटेदुकटे कारागीर फार निगुतीने करतात. मुठीच्या पाठीत पोलादाची एक पट्टी असते. ती मागच्या टोकाला आणि मध्यावर पिनेने धरलेली असते, पुढचं टोक मोकळं आणि पात्याच्या बुडावर दाबून बसलेलं. पातं उघडताना बुडाचा कोपरा हे टोक वर उचलतो. कोपरा सरकून गेला की पट्टी खाली बसते आणि ‘टक्’ असा आवाज येतो. चाकूची सगळी प्रतिष्ठा त्या ‘टक्’मध्ये असते, म्हणून तर स्प्रिंगवरून एवढे वाद होतात.

या पट्टीकडून दोन गोष्टी हव्या असतात. तिने पुरेसा दाब द्यावा, आणि हजारो वेळा वाकूनही मूळच्या जागी परत यावं. नियम सांगणारे या दोन्ही गोष्टी एकत्र कालवतात आणि दोन्हींचं श्रेय पोलादाच्या जातीला देतात. घोटाळा तिथेच होतो.

दाबाचं आधी पाहू. पट्टी किती ताठ असेल हे धातूच्या ज्या गुणावर ठरतं त्याला यंगचा गुणांक म्हणतात. पोलादासाठी तो सुमारे २०० गिगापास्कल असतो. १०९५ किंवा ओ-१सारखं पात्याचं पोलाद घ्या, ५१६०सारखं स्प्रिंग स्टील घ्या, ४४०सीसारखं स्टेनलेस घ्या, हा आकडा काही टक्क्यांच्या पलीकडे हलत नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे पाणी दिल्यानेही तो बदलत नाही. मऊ पट्टी आणि पाणी देऊन कडक केलेली तशीच पट्टी थोडीशी वाकवायला सारखाच जोर लागतो. फरक पडतो तो पुढे, जास्त वाकवल्यावर: मऊ पट्टी वाकलेलीच राहते, कडक पट्टी परत येते. ‘कडक स्प्रिंग जास्त खटका देते’ हे वाक्य मी अनेक कारखान्यांत ऐकलं आहे आणि ते साफ खोटं आहे. दाब वाढवायचा असेल तर जाडी वाढवावी लागते, नाहीतर मोकळी लांबी कमी करावी लागते. जाडीचा परिणाम घनाच्या पटीत होतो. ३ मिलिमीटरची पट्टी कानशीने २.७ केली, म्हणजे जेमतेम एक दशांश जाडी काढली, की दाब २७ टक्क्यांनी उतरतो. मोकळी लांबी ४० वरून ३६ मिलिमीटर केली की तो ३७ टक्क्यांनी चढतो. एवढी उलथापालथ कुठल्याही दोन पोलादांची अदलाबदल करून होणार नाही. चाकू फार घट्ट झाला किंवा ढिला पडला, तर उत्तर कानशीत आणि पिनेच्या जागेत शोधायचं असतं.

आता दुसरी गोष्ट, परत येण्याची. इथे पोलादाचा संबंध खरोखर येतो, पण किती येतो ते आकड्यांत बघा. मधल्या पिनेपासून टोकापर्यंत ४० मिलिमीटर मोकळी लांबी, ३ मिलिमीटर जाडी, आणि पातं उघडताना टोक ०.८ मिलिमीटर उचललं जातं असं धरा. खिशातल्या मोठ्या चाकूसाठी ही मापं अगदी रोजची आहेत. एका टोकाला घट्ट धरलेल्या पट्टीचं अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षात शिकवलं जाणारं सूत्र लावलं, तर पट्टीच्या पृष्ठभागावरचा सर्वांत मोठा ताण सुमारे ४५० मेगापास्कल येतो. पाणी न दिलेलं पोलाद एवढ्या ताणाला हार मानतं आणि वाकलेलं राहतं. पण तीच पट्टी पाणी देऊन, मग पुन्हा बेताने तापवून, म्हणजे टेम्पर करून, रॉकवेल मापाने ४५ ते ४८ कडकपणावर आणली, तर ती १३०० मेगापास्कलच्या पुढे जाईपर्यंत कायमची वाकत नाही. म्हणजे गरजेच्या जवळजवळ तिप्पट. हे आकडे ५१६०ला लागू आहेत तसेच १०७५लाही आहेत, १०९५लाही आहेत, ओ-१लाही आहेत. ज्या पोलादाला ‘पात्याचं, ठिसूळ’ म्हणून नाकारलं जातं, ते नीट टेम्पर केलं तर या कामाला पुरून उरतं.

पात्याचं पोलाद ठिसूळ असतं हे विधान अर्धवट आहे. पात्याच्या कडकपणाला ठेवलेलं पोलाद ठिसूळ असतं. रॉकवेल ६० वर ठेवलेली १०९५ची पट्टी स्प्रिंग म्हणून बसवली तर ती एक दिवस मोडेल, यात शंका नाही. पण ६० वर ठेवलेली ५१६०ची पट्टीही काही सुरक्षित नव्हे. कुणी पात्याच्या पोलादाची स्प्रिंग केली, ती मोडली, आणि दोष पोलादाला लागला, असं जेव्हा सांगितलं जातं तेव्हा मला एकच प्रश्न विचारावासा वाटतो: टेम्पर किती अंशांवर केलं होतं? बहुतेकांना ते सांगता येत नाही.

मग ‘स्प्रिंग स्टील’ नावाच्या जाती निघाल्याच कशासाठी? ट्रकच्या पाट्यांसाठी, मोटारींच्या गुंडाळी स्प्रिंगांसाठी, रेल्वेच्या डब्यांसाठी. ५१६०मध्ये ०.७ ते ०.९ टक्के क्रोमियम असतं, आपल्याकडच्या ईएन ४५मध्ये सिलिकॉन दीड-दोन टक्क्यांपर्यंत असतं. क्रोमियम घालण्याचं मुख्य कारण असं की जाड पट्टी तेलात बुडवली की बाहेरून भराभर थंड होते, आतून सावकाश. साधं कार्बन पोलाद अशा वेळी गाभ्यात नीट कडक होत नाही. क्रोमियममुळे गाभाही कडक होतो. सिलिकॉनमुळे वर्षानुवर्षं ओझ्याखाली राहिलेला पाटा बसत नाही. ट्रकचा पाटा बोटभर जाड असतो आणि त्यावर टनांनी वजन असतं. आपली पट्टी ३ मिलिमीटरची. तेलात बुडवल्यावर साधं १०७५सुद्धा एवढ्या जाडीत आरपार कडक होतं. ज्या अडचणीसाठी ते मिश्रण शोधलं गेलं ती अडचणच इथे नाही.

स्प्रिंगा साध्या कार्बन पोलादाच्या होत नाहीत असं ज्यांना वाटतं त्यांनी आपल्या गावातल्या दुकानाचं रोलिंग शटर आठवावं. वरच्या नळीत गुंडाळलेली जी स्प्रिंग ते जड शटर रोज उचलते, ती साध्या हाय कार्बन पट्टीची असते. आणि ज्या १०९५ला ‘पात्याचं पोलाद’ म्हणून बाजूला सारतात, तीच १०९५ची पट्टी कडक करून, टेम्पर करून, रॉकवेल ४८ ते ५१ अशा मापात बाजारात स्प्रिंगसाठी म्हणूनच विकली जाते. घड्याळांच्या कमानी या पोलादाच्या झाल्या आहेत. एकच धातू दोन दुकानांत दोन नावांनी मांडलेला, आणि आपण त्यावरून कारागिरांना नियम शिकवतो.

इतिहासही नियमवाल्यांच्या बाजूने बोलत नाही. शेफील्डचं नाव ज्या पोलादाने जगात झालं ते मुशीतलं पोलाद बेंजामिन हंट्समनने १७४०च्या सुमारास काढलं. हंट्समन डॉनकास्टरचा घड्याळजी होता. त्याला घड्याळाच्या कमानींसाठी एकसारखं, मळी नसलेलं पोलाद हवं होतं, आणि त्या खटपटीतून मुशीत वितळवण्याची रीत निघाली. शेफील्डच्या चाकूवाल्यांनी सुरुवातीला ते फार कडक म्हणून नाकारलं. फ्रान्समधल्या चाकूवाल्यांनी ते घेतलं आणि त्यांचा माल विकला जाऊ लागल्यावर शेफील्डला जाग आली. म्हणजे पुढची दीडशे वर्षं ज्याची उत्तम पाती झाली ते पोलाद जन्माला आलं कमानीसाठी. पातं आणि कमान यांच्या धातूंत भिंत उभी करणारा नियम मागाहून आला आहे.

या नियमाचं सर्वांत वाईट फळ आपल्याकडे दिसतं. ‘स्प्रिंग स्टील हवं’ एवढंच ऐकलेला मुलगा भंगाराच्या दुकानातून ट्रकचा किंवा जीपचा जुना पाटा आणतो. पाट्याचा कोयता करणाऱ्या आपल्या लोहारांबद्दल मला आदर आहे. त्या कामात जुना पाटा चालतो, कारण कोयत्याला जाडी असते आणि तो लोहार त्याच धातूवर आयुष्यभर हात बसवून असतो. चाकूच्या स्प्रिंगची गोष्ट वेगळी. तो पाटा नेमक्या कुठल्या पोलादाचा आहे हे कुणाला ठाऊक नसतं, कारण गाड्यांच्या पाट्यांसाठी एक नाही, अनेक पोलादं वापरली जातात. शिवाय तो लाखो खड्डे खाऊन निवृत्त झालेला असतो. डोळ्यांना न दिसणारे तडे त्यात असू शकतात, आणि ते भट्टीत घातल्याने भरून येत नाहीत. एवढा जाड पाटा ठोकून, घासून ३ मिलिमीटरवर आणायला जे श्रम लागतात त्यात नवी, माहितीची, सपाट पट्टी विकत घेऊन दोन चाकू पुरे झाले असते. अज्ञात पोलादाला कुठलं तापमान द्यायचं ते कळत नाही, मग अंदाजाने दिलं जातं, स्प्रिंग बसते किंवा मोडते, आणि मुलगा म्हणतो की मला जमत नाही. नियमाने त्याला ‘स्प्रिंग स्टील’ मिळवून दिलं, पण ज्याच्यावर स्प्रिंगचं आयुष्य अवलंबून आहे ती माहिती काढून घेतली.

ती माहिती म्हणजे टेम्पर. त्याबद्दल नियमवाले जेमतेम एक वाक्य बोलतात: निळा रंग येईपर्यंत तापव. हा सल्लाही धोक्याचा आहे. घासून चकचकीत केलेल्या कार्बन पोलादावर निळा रंग ३०० अंश सेल्सियसच्या आसपास येतो. १०९५ त्या तापमानाला सोडून दिलं तर कडकपणा ५५च्या घरात राहतो, जो स्प्रिंगसाठी जास्त आहे. ४५ ते ५० मध्ये यायचं तर ४२५ अंशांच्या आसपास जावं लागतं, आणि तिथवर निळा रंग मागे पडून पोलाद करडं झालेलं असतं. लक्षात घ्या, ५१६०चंही असंच आहे. तेही ४२५च्या आसपासच त्या पट्ट्यात येतं. दोन्ही पोलादांचं टेम्पर इतकं जवळ असताना एकाला लवचिक आणि दुसऱ्याला ठिसूळ म्हणायचं कशाच्या आधारावर? रंगावर विसंबण्यातला आणखी एक दोष असा की तो वेळेप्रमाणे बदलतो आणि मिश्रणाप्रमाणेही बदलतो. स्टेनलेसवर तोच रंग बऱ्याच वरच्या तापमानाला उमटतो. जुने बंदूकवाले आणि घड्याळजी पट्टी तेलात भिजवून ते तेल पेटवून जळू द्यायचे. ती रीत रंगापेक्षा चांगली होती, कारण जळत्या तेलाचं तापमान निळ्या रंगाच्या वरचं असतं. आज थर्मोकपल असलेली लहानशी विजेची भट्टी अनेक कारागिरांकडे असते. दोन वेळा, दर वेळी तासभर, मोजलेल्या तापमानाला ठेवलेली पट्टी कुठल्याही जातीच्या अंदाजाने तापवलेल्या पट्टीपेक्षा जास्त जगते.

टेम्पर नीट असूनही स्प्रिंगा मोडतात, आणि तेव्हाही पोलादाची जात क्वचितच कारण असते. मोडलेल्या पट्टीचा तुकडा भिंगाखाली धरा. तडा कुठून सुरू झाला ते दिसतं: आडव्या कानसखुणेतून, आतल्या तीक्ष्ण कोपऱ्यातून, पिनेच्या भोकाच्या खरबरीत कडेतून, गंजाच्या खड्ड्यातून, नाहीतर पट्टीवर ठोकलेल्या शिक्क्यातून. वाकणाऱ्या पट्टीत सर्वांत मोठा ताण पृष्ठभागावर असतो. म्हणून पट्टीवरचे ओरखडे लांबीच्या दिशेने न्यायचे, आतल्या कोपऱ्यांना गोलाई द्यायची, भोकाच्या कडा मारायच्या. उघड्या भट्टीत तापवलेल्या पट्टीच्या कातडीतला कार्बन जळून जातो आणि वर मऊ थर उरतो. पाणी दिल्यावर तो घासून काढायचा. ही कामं कंटाळवाणी आहेत आणि त्यांना नाव नाही, म्हणून त्यांचा नियम होत नाही. पण पन्नास वर्षं चालणारी स्प्रिंग यांच्यामुळे होते.

स्टेनलेसबद्दलचा पूर्वग्रह आणखी पक्का आहे. स्टेनलेसची स्प्रिंग होत नाही, असं आजही ठामपणे सांगितलं जातं. स्विस चाकू आपल्यातल्या किती जणांच्या ड्रॉवरमध्ये आहे! तो बनवणारी व्हिक्टोरिनॉक्स कंपनी आपल्या पात्यांचा कडकपणा रॉकवेल ५६ आणि स्प्रिंगांचा ४९ सांगते, आणि दोन्ही स्टेनलेस असतात. तिचा संस्थापक कार्ल एल्सेनर याने १८९७ मध्ये अधिकाऱ्यांसाठीचा चाकू नोंदवला तेव्हा त्याची खरी युक्ती स्प्रिंगमध्ये होती: दोनच स्प्रिंगांवर मुठीच्या दोन्ही बाजूंची सहा अवजारं. त्या मांडणीचे चाकू आज जगभर स्टेनलेसच्या स्प्रिंगांवर उघडमीट होत आहेत. आणि कॉम्प्रेसरच्या पोटात उघडझाप करणाऱ्या पातळ झडपा, ज्या चाकूच्या स्प्रिंगपेक्षा कितीतरी जास्त वेळा वाकतात, त्यांच्यासाठी स्वीडनमध्ये तेरा-चौदा टक्के क्रोमियमची स्टेनलेस पट्टी खास बनते. त्याच कामासाठी एक टक्का कार्बनची साधी पट्टीही बनते, जी रचनेने १०९५ची सख्खी बहीण आहे.

स्टेनलेसची खरी अडचण वेगळी आहे, ती मात्र गंभीरपणे घ्यायला हवी. ४४०सीसारखी पोलादं ४२५ ते ५५० अंशांच्या दरम्यान टेम्पर केली तर त्यांचा चिवटपणा घटतो आणि गंजाला विरोध करण्याची ताकदही. कार्बन पोलादाची सवय असलेला कारागीर स्टेनलेसची पट्टी नेमकी याच पट्ट्यात टेम्पर करतो, ती मोडते किंवा गंजते, आणि तो म्हणतो स्टेनलेसची स्प्रिंग होत नाही. त्या पट्ट्याच्या वर, ६०० अंशांकडे, उत्पादकाच्या तक्त्याप्रमाणे जायला हवं होतं.

आता दुसऱ्या टोकाच्या लोकांबद्दलही बोलतो, कारण ते मला आपल्या बाजूचा समजतात. त्यांचं म्हणणं, पातं ज्या पोलादाचं त्याच पोलादाची स्प्रिंग हवी, तरच चाकू खरा. साध्या पोलादांच्या बाबतीत याला माझी हरकत नाही. ओ-१चं पातं आणि ओ-१ची स्प्रिंग ही अतिशय शहाणी जोडी आहे. दोन्ही एकाच पट्टीतून निघतात, एकाच तेलात बुडतात, फक्त टेम्पर वेगळं. एईबी-एल या स्टेनलेसचंही तसंच. पण एम३९०चं पातं आहे म्हणून एम३९०ची स्प्रिंग, हा हट्ट मला पटत नाही. त्या पोलादात सुमारे १.९ टक्के कार्बन, वीस टक्के क्रोमियम आणि चार टक्के व्हॅनेडियम असतं. त्यातून तयार होणारे कठीण कार्बाइडचे कण धारेला हवे असतात. स्प्रिंगला धार नाही. तिथे ते कण घासकामाला छळतात, पट्टीचा चिवटपणा खातात, आणि बदल्यात काही देत नाहीत.

विरोधकांना एक गोष्ट मी मोकळेपणाने देतो. लहान चाकूत जागा कमी असते. मोकळी लांबी ३० मिलिमीटर, जाडी तीच ३, टोक १ मिलिमीटर उचललं जात असेल, तर ताण १००० मेगापास्कलवर जातो. तिथे पट्टी लगेच बसणार नाही, पण दीर्घकाळच्या थकव्याचा हिशेब काठावर येतो. अशा जागी चिवट, कमी कार्बनचं पोलाद थोडी जास्त माफी देतं हे खरं. पण तिथेही पहिला इलाज पट्टी पातळ करण्याचा आणि टोकाकडे निमुळती नेण्याचा आहे. जाडी कमी केली की ताण त्याच प्रमाणात उतरतो, आणि निमुळत्या पट्टीत वाकणं एका जागी न साचता सगळ्या लांबीवर पसरतं. जुन्या शेफील्डच्या नाजूक चाकूंतल्या स्प्रिंगांचा पोटाकडचा उतार बघा. तो उतार काढणाऱ्याला हे कळत होतं.

मग निवड कशावर करायची? माझं मत स्पष्ट आहे. तुमच्या भट्टीत ज्याचं पाणी आणि टेम्पर तुम्ही आकड्यांनिशी पाळू शकता ते पोलाद घ्या. पातं गंजणारं असेल तर स्प्रिंग गंजणारी चालेल. पातं स्टेनलेस असेल तर स्प्रिंगही स्टेनलेस ठेवा, कारण घामाने आणि लिंबाच्या रसाने पडलेला गंजाचा खड्डा ही तड्याची पहिली जागा असते, आणि स्टेनलेसचा चाकू घेणारा माणूस तेल घालत बसत नाही. पात्याचं बूड स्प्रिंगच्या टोकावर घासतं, म्हणून दोघांच्या कडकपणात अंतर ठेवा आणि दोन्ही पृष्ठभाग आरशासारखे करा. नवशिक्याने कार्बन पोलादात काम करायचं तर १०७५ किंवा १०८० घ्यावं. ते जास्त लवचिक आहे म्हणून नव्हे, तर एक टक्का कार्बनच्या पोलादाला तापमान आणि वेळ यांचा जो काटेकोरपणा लागतो तो याला कमी लागतो म्हणून.

जे शिकवतात त्यांना माझी विनंती आहे. विद्यार्थ्याला स्प्रिंगच्या पोलादाचं नाव सांगायच्या आधी मोकळी लांबी, जाडी, टोक किती उचललं जातं, आणि टेम्परचं तापमान, हे चार आकडे वहीत लिहायला लावा. पट्टी चाकूत बसवण्याआधी मधल्या पिनेच्या जागी वाइसमध्ये धरून तिचं टोक, चाकूत जितकं उचललं जाणार त्याच्या दीडपट, वीस-पंचवीस वेळा वाकवायला लावा, आणि दर वेळी सपाट दगडावर ठेवून ती सरळ आली की नाही ते पाहा. जी सरळ येत नाही ती परत भट्टीत गेली पाहिजे, मग ती ५१६०ची असो नाहीतर १०९५ची.